राखेतले खिळे

शहापूरच्या एका गल्लीतून तक्रार होती: पहाटे डोळे चुरचुरतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते. सगळ्यांचं बोट बेकरीकडे. आमच्या आरोग्य विभागातलं कुणीतरी दुपारी जाऊन आलं होतं. भट्टी थंड, मालक हसतमुख. बेकरी रात्रीच पेटते, हे कळायला निरीक्षक कशाला हवा? मी पहाटे चारला गेले.

डिसेंबर २०२५ मधली थंडी. अशा वेळी जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार. धूर वर चढतच नाही, गल्लीत साचतो. वास लाकडाचा नव्हता. रंग, सरस जळाल्यासारखा उग्र.

"लाकूडच जाळूलोय की मॅडम," मालकमामा म्हणाले.

मी राखेचा ढीग काठीनं उकरला. खिळे, एक बिजागरी, सनमायकाचे करपलेले तुकडे. फर्निचरवाल्याकडची प्लायची फळकुटं पोत्यानं स्वस्तात येत होती. प्लायचे थर चिकटवायला फॉर्मल्डिहाइड या घातक रसायनाचं रेझिन, वर पॉलिश. शिवाय या जुन्या भट्ट्यांत आग पेटवतात तिथंच मागाहून पाव भाजतात. तक्रारदार आजींच्या बंबाशेजारीही त्याच फळकुटांची पिशवी दिसली. त्यावर मी तेव्हा गप्पच बसले.

आता कलम कुठलं लावायचं? तेव्हा लागू असलेले २०१६ चे घनकचरा नियम रस्त्यावर, उघड्यावर कचरा जाळू देत नव्हते. ही आग भट्टीत. १९८१ च्या हवा कायद्याचं १९ वं कलम इंधनावर बंदी घालायचा अधिकार राज्य सरकारला देतं, मला नव्हे. मामाही बातम्या वाचणारे. "मुंबईत कोर्टानं बेकऱ्यांना सहा महिने दिले, तुम्ही आजच बंद करा म्हणता!"

मुद्दा खोटा नव्हता. पण जानेवारी २०२५ चा तो आदेश लाकूड-कोळशाच्या भट्ट्या स्वच्छ इंधनावर नेण्यासाठी होता. मी लाकडाला हातच लावत नव्हते, फळकुटं थांबवा म्हणत होते. शेवटी व्यापार परवाना आणि शेजाऱ्यांना होणारा उपद्रव यांचा आधार घेतला, राख पिशवीत भरली, पंचनामा केला.

मग फर्निचरवाला गाठला. तो सरळ म्हणाला, "टाकायला नेलं तर टेम्पोभाडं पडतंय, मामा उलट पैसे देतात." खरी गाठ इथं होती. दुसरी नोटीस त्याच्या नावानं काढली.

मामांनी त्याच आठवड्यात बाभळीचं सरपण उतरवलं. गॅस बर्नरचा दरही विचारून आलेत. पाव किती रुपयांनी वाढवायचा, यावर बापलेकांचं अजून जमलेलं नाही.