काही करत नाही ओ तो!

बेळगावात सकाळी फिरायला बाहेर पडलं की हे वाक्य हमखास कानावर येतं. समोरून पस्तीस किलोचा लॅब्रॅडॉर उधळत येतोय, त्याच्या मागे रिकामा पट्टा हातात घेऊन मालक, आणि मालक लांबूनच ओरडतायत, "काही करत नाही ओ तो!" नसेल करत. पण समोरचं कुत्रं करेल, त्याचं काय?

कुत्र्यांची भेटायची एक रीत असते. शहाणी कुत्री एकमेकांकडे सरळ जात नाहीत. थोडं वळण घेऊन बाजूनं येतात, मागच्या बाजूला दोन-तीन सेकंद हुंगतात आणि मान वळवून मोकळी होतात. नाकासमोर, डोळ्यांत डोळे घालून धावत येणं हा त्यांच्यात चक्क उर्मटपणा. त्यात एक मोकळं आणि एक पट्ट्याला असेल तर बांधलेल्याला पळता येत नाही. पट्टा ताणला की त्याची छाती वर उचलली जाते, ते दुसऱ्याला आव्हानच वाटतं. म्हणून सोडायची तर दोन्ही सोडायची, नाहीतर दोन्ही बांधूनच लांब ठेवायची. आणि आधी विचारायचं, "सोडू काय ओ?" समोरचा "नको" म्हणाला तर कारण विचारू नये.

बेंगळुरूच्या कब्बन पार्कात कुत्र्यांसाठी वेगळी जागा आहे. चांगल्या डॉग पार्कला एकामागे एक दोन फाटकं असतात. पहिलं लावून घ्यायचं, मधल्या जागेत पट्टा काढायचा, मग दुसरं उघडायचं. आपल्याकडे फाटक कुठलं? वॅक्सिन डेपोची झाडी, कॅम्पातले रुंद रस्ते, खानापूर-निपाणीकडे कापणी झालेलं शेत, हेच आपले पार्क. जिथं कुत्रं आणायला बंदीची पाटी असेल तिथं जायचं नाही, हे सांगायला नको. कुंपण नसलं की हाक मारल्यावर येणारं कुत्रंच मोकळं सोडायचं. बाकीच्यांना आठ-दहा मीटर लांब दोर. त्यासाठी बैलाचा सुती कासरा झकास. नायलॉनची दोरी हिसका बसला की तळहात सोलते. दोर गळ्यातल्या पट्ट्याला नाही, छातीच्या हार्नेसलाच अडकवायचा. धावत सुटलेल्या कुत्र्याच्या मानेला हिसका बसणं वाईट.

हाकेचं एक बघा. आजी "ये" म्हणते, कामाला येणारा कानडीत "बा" म्हणतो, पोरं "कम कम" करतात. कुत्र्यानं यायचं कुणासाठी? घरात एक शब्द ठरवा, आणि त्या हाकेला आल्यावर दर वेळी पट्टा अडकवून घरी नेऊ नका. खेळात मधेमधे बोलावायचं, तुकडाभर काहीतरी द्यायचं आणि पुन्हा सोडायचं. मात्र दुसरी कुत्री जवळ असताना खाऊचा हात खिशातच बरा. निम्म्या भांडणांचं मूळ बिस्कीट नाहीतर चेंडू असतो.

या भागात मुधोळी पाळणाऱ्यांनी जरा जास्तच जपायला हवं. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेलं, 2005 साली टपाल तिकिटावर झळकलेलं हे कुत्रं डोळ्यांनी शिकार करतं. घरात गरीब गाय, पण समोर काही पळालं की संपलं. पळणारं ससा आहे की शेजारच्यांचं पामेरियन, हे त्या क्षणी त्याला कळत नाही. पामेरियन घाबरून किंचाळलं की खेळाची शिकार होते. म्हणून लहान आणि मोठी कुत्री एकत्र पळवू नयेत. शिवाय मुधोळीचं डोकं मानेपेक्षा अरुंद, साधा पट्टा मागे सरकला की सहज निघतो. ओढल्यावर आवळणारा रुंद पट्टा किंवा हार्नेस घ्या.

खेळ चाललाय की बिनसलंय, ते ओळखता येतं. पुढचे पाय जमिनीला टेकून बूड वर, तोंड उघडं, कधी हा वर कधी तो, हा खेळ. तोंड मिटलं, अंग ताठ झालं, शेपूट उंच काठीसारखी उभी राहिली, की गुरगुरण्याची वाट न बघता बोलावून घ्या. शेपूट हलतेय म्हणून निर्धास्त राहू नये, ताठ शेपूटही हलते. जुंपलीच तर मध्ये हात घालू नका. पाणी ओता. नाही सुटली तर दोघा मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याच्या मागच्या मांड्या धरून मागे ओढायचं. कुत्र्याच्या अंगावर दाताचं बारीक छिद्र दिसलं तरी आत कातडी फाटलेली असू शकते, डॉक्टरांना दाखवा. माणसाला दात लागला तर मिरचीपूड, चुना काही नाही. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी दवाखाना.

जिथं एकेकाळी वॅक्सिन डेपोत देवीची लस बनायची त्या गावात कुत्र्याच्या लशी चुकाव्यात, हे काही बरं नाही. रेबीजची तीन महिने पुरे झाल्यावर, पुढे डॉक्टर सांगतील तशी, बहुतेक दरवर्षी. पिल्लाच्या पार्वो या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या रोगाच्या लशी पुऱ्या होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, चारचौघांच्या मैदानात नेऊच नये. पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो. पावसाळ्यात डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा रोग पसरतो. पाणी घरचं, वाटी आपली. माजावर आलेली कुत्री तीन आठवडे घरीच.

राहिली माणसं. सगळ्यांना कुत्री आवडत नाहीत, आणि आवडायलाच पाहिजेत असंही नाही. फजरची नमाज करून परतणारे असतात, सोवळ्यात देवळाला निघालेल्या आज्जी असतात, ओलं नाक कपड्याला लागलेलं त्यांना चालत नाही. अशा वेळी कुत्रं पलीकडच्या बाजूला घेऊन बसवायचं आणि त्यांना जाऊ द्यायचं. शी उचलायची. पिशवी हातावर उलटी घाला, उचला, तशीच उलटवून गाठ मारा. जंतांची अंडी मातीत राहतात आणि तिथंच पोरं खेळतात.

उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आटपा. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचे तळवेही भाजतील. पोटभर खाऊन लगेच पळवू नये, मोठ्या छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडू शकतो. घरी आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली गोचीड बघायची. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल लावू नका, उदबत्तीचा चटकाही नको.