वाचलेला वेळ

परवा दुपारी शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याचा स्क्रीन बघत बसले होते. दोघांनी मिळून एक तक्ता पुरा करायचा होता आणि माउस त्याच्या हातात होता, एवढंच. त्याने एक ओळ निवडली. माउस वर नेला, मेनू उघडला, त्यात ‘कॉपी’ शोधलं, त्यावर टिचकी मारली. मग दुसऱ्या फाइलमध्ये गेला. पुन्हा वर, पुन्हा मेनू, आता ‘पेस्ट’. मग पुढची ओळ. पुन्हा वर. मी माझे हात मांडीखाली दाबून धरले होते.

“कंट्रोल सी,” शेवटी मी म्हणालेच.

“हो, माहितीय,” तो म्हणाला, आणि त्याने मेनू उघडला.

माहीत नसणं मी समजू शकते. पण माहीत असून लांबच्या वाटेने शांतपणे जाणारी ही माणसं मला कळत नाहीत. १९७०च्या दशकात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट या दोघांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात डोकं लावून हे उचलायचं आणि चिकटवायचं प्रकरण सोपं करून ठेवलं. पुढे कळफलकावरच्या अक्षरांच्या सगळ्यात खालच्या रांगेत झेड, एक्स, सी, व्ही अशी चार बटणं शेजारीशेजारी त्यासाठी नेमली गेली, डाव्या हाताला हलायचीसुद्धा गरज राहिली नाही. टेस्लर २०२०च्या फेब्रुवारीत गेले. त्या दिवशी मी त्यांच्याविषयीची बातमी कंट्रोल सी करून चार जणांना पाठवली होती. श्रद्धांजली म्हणून नव्हे, सवयीने. पाठवून झाल्यावर लक्षात आलं.

तर माझ्याकडे असल्या युक्त्यांचा बराच साठा आहे आणि मी तो न विचारता वाटत असते. उद्या न विसरता न्यायची वस्तू रात्रीच चपलेत ठेवायची. उशीचा अभ्रा आधी उलटा करायचा, त्यात दोन्ही हात घालायचे, आतूनच उशीचे कोपरे पकडायचे आणि मग अभ्रा खाली ओढायचा. सुई ओवताना दोरा चिमटीत असा धरायचा की त्याचं टोक जेमतेम दिसावं, आणि मग दोरा सुईकडे न नेता सुईच दोऱ्यावर आणायची. कुठल्याही यंत्राच्या मागच्या वायरी काढायच्या आधी त्यांचा फोटो काढायचा. घरात कुणी सुई-दोरा हातात घेतला की माझ्याकडे न बघताच म्हणतं, “सुई दोऱ्यावर, कळलं.” त्यांच्या आवाजातला सूर मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं.

आता हे सगळं वाचून कुणाला वाटेल, बाई फार घाईत असणार. तसं मुळीच नाही. मला घाई कसलीच नसते. बागेतल्या हिरवळीच्या कोपऱ्यावर गवत घासून घासून एक तिरकी पायवाट पडलेली असते ना, कुणी न आखलेली, ती माझ्यासारख्यांनी पाडलेली असते. तिथे फिरायलाच तर आलेलो असतो आम्ही! चालणं हाच उद्देश. तरी कोपरा आला की पाय आपोआप तिरके पडतात. तीन पावलं सरळ आणि चार पावलं बाजूला, असा सात पावलांचा वळसा पाचांत आटोपतो. पायथागोरसला मिळाला असेल तेवढाच आनंद मलाही होतो. वाचलेल्या दोन पावलांचं मग काय करतो? बागेला आणखी एक चक्कर मारतो.

या पंथाचा मूळ पुरुष कोण असेल तर फ्रँक गिलब्रेथ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा अमेरिकन माणूस, तरुणपणी गवंडीकाम शिकला. तिथे त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक गवंडी वीट आपापल्या पद्धतीने लावतो, आणि हळू काम करताना एक पद्धत, जोरात करताना दुसरी, नवशिक्याला शिकवताना तिसरीच. त्याने हालचाली मोजल्या. एक वीट लावायला १८ हालचाली लागत होत्या, त्या त्याने पाचांवर आणल्या. विटांचा ढीग कमरेच्या उंचीवर आला, वाकणं गेलं. मग तो आणि त्याची बायको लिलियन यांनी माणसांच्या कामाच्या फिल्म काढून, घड्याळ शेजारी ठेवून, हात कुठे फुकट फिरतो ते शोधायचा धंदाच उघडला. घरात बारा मुलं. त्यांच्यावरही प्रयोग. मुलांनीच पुढे लिहून ठेवलंय की वडील जाकिटाची बटणं खालून वर लावत, कारण वरून खाली लावायला सात सेकंद लागतात आणि खालून वर तीन. दाढी त्यांनी दोन हातांत दोन वस्तरे घेऊन करून पाहिली. ४४ सेकंद वाचली. मग गळा कापला, त्यावर पट्टी बांधण्यात दोन मिनिटं गेली, आणि तो बेत सोडला. मुलं म्हणतात, त्यांना खरं दुःख त्या दोन मिनिटांचं होतं.

लिलियनबाई जास्त शहाण्या. पायाने दाबून झाकण उघडायचा कचऱ्याचा डबा आणि फ्रिजच्या दारातले कप्पे त्यांच्या नावावर सांगितले जातात. वस्तऱ्यांच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. फ्रँक १९२४मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी गेले. त्या १९७२पर्यंत जगल्या. यावरून काही सिद्ध होतं असं मी म्हणत नाही.

याच्या उलट टोकाला पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने १९५५ साली एक म्हातारी बाई बसवून ठेवली आहे. काम हे हाताशी असलेल्या वेळाइतकं फुगतं, हे त्याला सांगायचं होतं. त्यासाठी त्याने ही रिकामटेकडी बाई घेतली, जी भाचीला एक पोस्टकार्ड लिहून टाकण्यात अख्खा दिवस घालवते. कार्ड शोधण्यात तास, चष्मा शोधण्यात तास, मजकूर जुळवण्यात सव्वा तास, आणि पेटीपर्यंत जाताना छत्री न्यावी की नाही यावर वीस मिनिटं. लेखकाला ती हास्यास्पद वाटते. मला मात्र त्यातल्या भाचीचा हेवा वाटतो. कुणीतरी तिच्यासाठी सव्वा तास शब्द जुळवत होतं.

माझी मावशी असली नव्हती. तिचं पत्र लिहून, घडी घालून, पाकीट चाटून तीन मिनिटांत तयार. मावशी स्टेनो होती. शंभरचा स्पीड. म्हणजे तुम्ही मिनिटाला शंभर शब्द बोला, ती पेन्सिल कागदावर फिरवत राहणार, आणि तुम्ही थांबलात की तीही थांबणार. चेहऱ्यावर काही नाही.

एका सुट्टीत मी आणि दादा तिच्याकडे राहायला होतो आणि आमचं कशावरून तरी जुंपलं. कशावरून ते आता सांगू शकले असते तर बरं झालं असतं, कारण त्याची लेखी नोंद झालेली आहे. आम्ही किंचाळत होतो. मावशी खुर्चीत बसून वहीत काहीतरी लिहीत होती. आम्हाला वाटलं तिचं तिचं काम चाललंय. भांडण ओसरायला लागल्यावर तिने पान उलटलं आणि अगदी सपाट आवाजात, ऑफिसात साहेबांना वाचून दाखवावं तसं, वाचायला सुरुवात केली. ‘तू आधी ओढलंस. नाही, तू ओढलंस. मी ओढलंच नाही. मग कोणी ओढलं, भुताने? आईला सांगेन. सांग. सांगेनच. सांग की.’ शब्दाला शब्द. मधे दादा नुसतंच ‘ऊंऽऽ’ म्हणाला होता, तेसुद्धा. आम्ही दोघं आधी लाजलो, मग हसायला लागलो, आणि मग वही ओढून घेतली, बघू बघू करत. वहीत काहीच नव्हतं. म्हणजे रेघा होत्या. वाकड्या, आखूड, आकडे, टिंबं, बारीक गोल. भांडण कुठे दिसत नव्हतं.

त्या दुपारी तिने आम्हाला थोडं शिकवलं. हलक्या हाताने ओढली की प, तीच रेघ दाबून ओढली की ब. तसंच ट आणि ड, क आणि ग. एवढं दोन-तीन अक्षरांपुरतं आम्हाला जमलं आणि आम्ही आपापल्या वह्या भरून टाकल्या. मावशी म्हणाली, स्वरांसाठी बाजूला टिंबं आणि छोट्या रेघा असतात, पण वेगात कोण देत बसतंय? गाळायचे. मग पट, पाट, पेटी, पाटी जवळजवळ सारखंच दिसतं. “मग कळतं कसं?” दादाने विचारलं. “पुढचं-मागचं बघून,” ती म्हणाली. “आणि लिहिणारा मीच असते ना.”

ही पद्धत आयझॅक पिटमन यांनी १८३७ साली इंग्रजीसाठी काढली. पुढे ती भाषेभाषेत बेतून घेतली गेली. पण बोलण्याच्या वेगाने लिहिण्याची हाव त्याहून फार जुनी आहे. प्राचीन रोममध्ये सिसेरो या वक्त्याच्या भाषणांची टिपणं घेणारा टायरो नावाचा चिटणीस होता, आधी त्याचा गुलाम, मग मुक्त केलेला. त्याच्या नावाची चिन्हं पुढे मठांतले लेखनिक शेकडो वर्षं वापरत राहिले. त्यातलं ‘आणि’साठीचं एक, इंग्रजी सातच्या आकड्यासारखं, आयर्लंडमधल्या पाट्यांवर आजही दिसतं. बाकीची विरली. आपली मोडी तरी काय? लेखणी न उचलता, ओळ न थांबवता लिहायची सोय. कारकुनांनी किती वेळ वाचवला असेल! आज तेच झरझर लिहिलेले कागद वाचायला जाणकार शोधावा लागतो, आणि तो भिंग घेऊन एका ओळीशी अर्धी दुपार बसतो. तो वाचवलेला वेळ आता हा माणूस फेडतो आहे, असं मला कधीकधी वाटतं.

कधीकधीच. एरवी मी स्वतः ‘ठीक आहे’ऐवजी ‘ठी’ पाठवणाऱ्यांतली आहे. समोरच्याने ‘ठी’ म्हणजे ठीक की ठीकठाक की रागावून ठीक, यावर डोकं खाजवावं. माझी तीन अक्षरं वाचली. फोनही आता पुरता सामील झाला आहे. ‘वाढदिवसाच्या’ एवढं लिहिलं की ‘हार्दिक’ हजर, त्याच्या मागोमाग ‘शुभेच्छा’. ‘भावपूर्ण’च्या पुढे काय येतं ते सांगायला नकोच. मी कितीदा कुणाकुणाला काय पाठवलं ते त्याने मुकाट्याने टिपून ठेवलंय. फक्त तो वाचून दाखवत नाही.

मावशी गेली तेव्हा घरच्या ग्रुपवर तेच दोन शब्द एकाखाली एक येत राहिले. माझेही त्यात होते.

तिचं कपाट आवरताना वह्या निघाल्या. ऑफिसच्या नव्हे, घरच्या. रोजचं काहीतरी लिहीत असे ती, झोपायच्या आधी, सगळं त्याच लिपीत. आम्हाला वाटायचं हिशेब असेल. वर तारीख तेवढी नेहमीच्या अक्षरात, आणि खाली पानभर रेघा. पेन्सिलीच्या. काही ठिकाणी पुसट झाल्यात, आणि ज्या लिपीत हलकी रेघ आणि दाबलेली रेघ यावर अक्षर ठरतं त्यात पुसट होणं म्हणजे काय ते तुमच्या लक्षात आलं असेल. प होता की ब होता कोण सांगणार!

तिच्याबरोबर काम केलेले एक गृहस्थ, आता बरेच वयस्क, त्यांच्याकडे मी एक वही घेऊन गेले. त्यांनी चष्मा पुसला, खिडकीपाशी गेले, बराच वेळ पाहत राहिले. हे ‘पाऊस’ असावं, म्हणाले. हे ‘डॉक्टर’. इथे ‘आले नाहीत’ किंवा ‘आली नाही’. मग थांबले. “बाई फार फास्ट होत्या हो,” ते कौतुकानेच म्हणाले. “जुन्या लोकांचे प्रत्येकाचे आपापले शॉर्टकट असतात. पुस्तकातले नव्हेत, स्वतःचे. आमचं आम्हालाच दोन दिवसांनी वाचता यायचं नाही कधीकधी, म्हणून तर लगेच टाइप करून टाकायचो.” हिचं ते टाइप करायचं राहिलं, किंवा तिला करायचंच नव्हतं. दुसरंही शक्य आहे. घरभर माणसं असलेल्या बाईला उघड्या टेबलावर ठेवता येईल अशी खाजगी वही मिळणं ही काही लहान सोय नाही.

मी त्यांना विचारलं, निदान मला शिकता येईल का? ते म्हणाले, येईल की, का नाही. आधी रेघा घोटायच्या, रोज तासभर, मग जोडाक्षरं, मग शब्दचिन्हं. वर्षभरात बऱ्यापैकी हात बसतो. त्यानंतर तिची वळणं ओळखीची व्हायला आणखी किती ते सांगता येत नाही.

“वर्षभर?” मी म्हणाले. “जरा लवकर येण्याची काही युक्ती नाही का?”