जनगणनेतला सातवा प्रश्न : प्रगणक म्हणून माझा अनुभव

२०२७ च्या जनगणनेचं नक्की झाल्यापासून आमच्या स्टाफरूममध्ये एकच चर्चा आहे, यावेळी जात विचारणार, मग लोक काय सांगणार, यादी कुठली, भांडणं होतील का वगैरे. धर्माबद्दल कोणी बोलतच नाही. नवीन शिक्षकांना वाटतं तो रकाना म्हणजे दोन सेकंदाचं काम, नाव ऐकलं, दारावर काय लावलंय बघितलं की कोड टाकून पुढे. मी २०११ ला मिरजेत प्रगणक होते आणि एकूण २९ प्रश्नांमधला हा सातवा प्रश्नच मला सगळ्यात जास्त वेळ घेणारा वाटला, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, ज्यांना यंदा ड्युटी लागेल त्यांच्या उपयोगी पडेल कदाचित.

तेव्हाची पद्धत थोडक्यात सांगते. २०१० च्या उन्हाळ्यात घरयादी झाली होती, म्हणजे भिंती कशाच्या, संडास आहे का, टीव्ही आहे का ते सगळं. माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी २०११, मग १ ते ५ मार्च उजळणी फेरी. त्या मधल्या काळात कोणी जन्मलं, कोणी वारलं ते दुरुस्त करायचं कारण २८ फेब्रुवारी संपून १ मार्च लागताना, मध्यरात्री, जो जिवंत तोच मोजायचा. शाळा सांभाळून हे सगळं करायचं, आणि फॉर्म मशीनवर स्कॅन होणार म्हणून घडी घालायची नाही, अक्षर चौकटीबाहेर जाऊ द्यायचं नाही. फेब्रुवारीतलं मिरजेचं ऊन आणि हातात तो लांबलचक फॉर्म, असो.

ट्रेनिंगमध्ये धर्माबद्दल मोजक्याच सूचना होत्या पण त्या मला अजून पाठ आहेत. माणूस जो सांगेल तो धर्म लिहायचा, वाद घालायचा नाही. नावावरून किंवा जातीवरून धर्म ठरवायचा नाही. आणि कुटुंबप्रमुखाचा जो धर्म तोच सगळ्यांचा असं गृहीत धरायचं नाही, प्रत्येकाचा वेगळा विचारायचा. कोड फक्त सहा धर्मांना, हिंदू १, मुस्लिम २, ख्रिश्चन ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६. बाकी कोणताही असेल तर पूर्ण नाव लिहायचं आणि कोडची चौकट रिकामी सोडायची. पारशांनासुद्धा कोड नव्हता हे ऐकून आमच्या वर्गात बऱ्याच जणांना नवल वाटलं होतं.

ऐकायला सोपं आहे. पण पहिल्याच गल्लीत लक्षात आलं की लोकांना हा फॉर्म दाखल्यासारखा वाटतो. धर्म म्हटलं की आतून शाळा सोडल्याचा दाखला आणतात, म्हणतात बाई यात बघून लिवा, आणि काही जण रेशनकार्डपण आणतात ज्यात धर्माचा काही संबंधच नसतो. मी प्रत्येक घरात सांगायचे की कागद नको, तुम्ही सांगा. त्यावर हमखास उत्तर, "आमी काय सांगणार, जे हाय ते दाखल्यावर हायच की."

आता आमच्या भागातली एक गंमत अशी की पाटील हे आडनाव ऐकून काहीच कळत नाही. सांगली-कोल्हापूरकडे शेतकरी जैन भरपूर आहेत, पाटील, चौगुले, मगदूम अशी आडनावं, घरात दुभती जनावरं, ऊस, आणि संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत. बाहेरून बदलून आलेल्या एका सहकाऱ्याने पाटील ऐकून थेट १ लिहायला पेन टेकवलं होतं असं त्यानेच सांगितलं, घरातली म्हातारी ओरडली म्हणून वाचला. जैन समाजात त्यावेळी आधीच जागृती झालेली होती, धर्माच्या रकान्यात जैन असंच सांगा, हिंदू जैन म्हणू नका, असा प्रचार होता. त्यामुळे त्या घरांमध्ये मी प्रश्न संपवायच्या आधी उत्तर यायचं, आणि वरून माणूस वाकून बघायचा की बाईंनी ६ च लिहिलंय ना. मला ते आवडलं खरं तर, माहिती देणाऱ्याने आपला फॉर्म बघून घ्यावाच.

लिंगायतांच्या घरात मात्र वेळ जायचा. एका घरात आजोबा कपाळाला विभूती लावून बसलेले, म्हणाले "लिंगायत लिवा, नुसतं लिंगायत." मुलगा बँकेत, तो आतून आला, "नाही मॅडम, हिंदू लिहा, दाखल्यावर हिंदू लिंगायत आहे, उद्या पोरांना अडचण नको." आजोबा म्हणाले तुझं तू सांग, माझं मी सांगतो. मी म्हटलं बरोबर आहे आजोबांचं, नियमच तसा आहे. मुलाला पटेना, एका घरात दोन धर्म कसे म्हणे. शेवटी आजोबांच्या ओळीत लिंगायत, कोड नाही, मुलाच्या आणि सुनेच्या ओळीत हिंदू, १. नातवंडांचं कोण सांगणार यावर पुन्हा पाच मिनिटं, ते हिंदू झाले. पुढे तक्ते छापून आले त्यात लिंगायत असा वेगळा धर्म नव्हताच, वरती बसून वर्गवारी करताना त्यांना हिंदूंमध्येच धरतात. म्हणजे प्रगणकाने जसंच्या तसं लिहिलं तरी वाचणाऱ्याला शेवटी जे दिसतं ते वेगळं असू शकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजोबांना मी सांगूही शकले नसते.

सगळ्यात जास्त बोलणं झालं ते बौद्ध वस्तीत. तिथे धर्माचं उत्तर खणखणीत, बौद्ध, एकदम. म्हाताऱ्या माणसांना १९५६ चा दसरा, नागपूर, सगळं काल झाल्यासारखं आठवत होतं, एक बाबा म्हणाले आमचे वडील रेल्वेने गेले होते दीक्षेला, परत आले ते देव्हारा मोकळा केला. ह्या प्रश्नाची महाराष्ट्रातली खरी गोष्ट तीच आहे असं मला वाटतं. १९५१ च्या जनगणनेत राज्यात बौद्ध अडीच हजारसुद्धा भरत नव्हते, १९६१ ला जवळपास २८ लाख. दहा वर्षांत. एवढे लोक दारात आलेल्या माणसाला आपला धर्म नव्याने सांगत होते आणि तेव्हा त्याची किंमतही मोजावी लागत होती, कारण बौद्ध झालात तर अनुसूचित जातीत धरणार नाही असा १९९० पर्यंत कायदा होता. ती भीती २०११ मध्येपण मला दारादारात भेटली. काही घरांत विचारायचे, बौद्ध लिहिलं तर पोराची स्कॉलरशिप जाईल का? मी सांगायचे, १९९० ला कायदा बदलला, फॉर्मवरच छापलंय की अनुसूचित जाती हिंदू, शीख आणि बौद्धांमध्ये असू शकतात, आणि या फॉर्मचा स्कॉलरशिपशी काडीचा संबंध नाही.

पण खरी अडचण पुढच्याच रकान्यात. आठवा प्रश्न, अनुसूचित जाती किंवा जमातीचे आहात का, असाल तर यादीतलं नाव. महाराष्ट्राच्या यादीत ५९ जाती, त्यात बौद्ध किंवा नवबौद्ध असं नाव नाही, कारण ती जात नाहीच. एक इंजिनिअरिंगचा मुलगा होता, तो भडकला. म्हणाला "मॅडम, आजोबांनी जात सोडली म्हणून तर बौद्ध झालो, आत्ता तुम्ही एका मिनिटापूर्वी बौद्ध लिहिलं आणि लगेच विचारता जात कुठली?" काय बोलणार. बरोबरच होतं त्याचं. पण हेही खरं की नाव सांगितलं नाही तर अनुसूचित जातींच्या मोजणीत तो येणार नाही, आणि राखीव जागा त्या मोजणीवर ठरतात. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, सल्ला दिला नाही. वडील म्हणाले सांग रे, हक्काचं आहे. मुलगा म्हणाला तुमचं सांगा, माझ्या ओळीत 'नाही' असं लिहा. आणि तसंच लिहिलं. मला आजही वाटतं की हे दोन रकाने असे शेजारी शेजारी ठेवणाऱ्याने कधी अशा घराच्या ओट्यावर बसून ते विचारलेले नसावेत.

मुस्लिम मोहल्ल्यात वेळ सगळ्यात कमी लागला. सतारमेकरांच्या गल्लीच्या आसपासची घरं, चहा घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत, एकाने विचारलं शिया सुन्नी पण लिहायचं का, म्हटलं नाही, पंथ नको. मातृभाषेच्या प्रश्नाला तिथे जास्त चर्चा झाली, पण तो वेगळा विषय.

ख्रिस्ती घरांमध्ये आवाज खाली यायचे. मिरजेत मिशन हॉस्पिटल १८९४ पासून आहे, त्यामुळे जुनी ख्रिस्ती कुटुंबं आहेत, त्यांची उत्तरं सरळ, ३. पण काही घरं अशी की भिंतीवर येशूचं कॅलेंडर, आणि घरमालक म्हणतो हिंदू लिहा. दाखल्यावर हिंदू आहे, जात आहे, आणि ख्रिस्ती सांगितलं तर अनुसूचित जातीचं सगळं जातं, त्यांच्यासाठी कायदा बदललेला नाही. एका घरात सून म्हणाली, माझं ख्रिश्चन लिहा, मी खोटं सांगणार नाही. सासरे गप्प बसले. दारात दोन शेजारणी उभ्या होत्या, बाई काय विचारतायत ते ऐकायला. मी त्यांना गोड बोलून वाटेला लावलं आणि मग परत विचारलं, सूनबाईंचं नक्की ना? नक्की. ह्या घरापासून मी एक केलं, प्रश्न विचारायच्या आधी सांगायचे की जनगणना कायदा १९४८ चा आहे, खरं सांगायचं तुमच्यावर बंधन आहे आणि गुप्त ठेवायचं आमच्यावर, हा फॉर्म पुरावा म्हणून कोर्टातपण चालत नाही. ट्रेनिंगमध्ये हे उडत उडत सांगितलं होतं, पण दारात तेच सगळ्यात कामाचं वाक्य ठरलं. आणि शेजाऱ्यांना आधी घालवायचं, हे तर कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं.

मग आमचे निवृत्त प्राध्यापक. धर्म? "मानव धर्म." मी म्हटलं सर, धर्म नाही असं लिहू का, की मानव धर्मच? ते म्हणाले फरक काय पडतो. म्हटलं मला काही फरक नाही, तुमचे शब्द मला लिहायचेत. मग त्यांनी विचार केला आणि म्हणाले निधर्मी... नको, नास्तिक लिहा. आतून काकू भाजी निवडत होत्या, तिथूनच ओरडल्या, "माझं हिंदू हो बाई, ह्यांच्या नादाला लागू नका, गुरुवार आहे माझा." सरांनी चेहरा असा केला की मला हसू आवरेना. त्यांचा मुलगा पुण्यात, तो त्या यादीत नव्हता, नाहीतर तिसरं काहीतरी ऐकायला मिळालं असतं. नंतर आकडे आले तेव्हा बघितलं, देशभरात नास्तिक म्हणून नोंद झालेले ३३ हजारांच्या आसपास होते, आणि धर्म न सांगितलेले २८ लाखांच्या वर. एवढ्या मोठ्या देशात नास्तिक फक्त ३३ हजार असतील यावर माझा विश्वास नाही. बऱ्याच नास्तिकांच्या घरात दार वडिलांनी उघडलं असणार, दुसरं काय.

आणखी एक जोडपं, तो मुस्लिम ती हिंदू, लव्ह मॅरेज, कडेवर सहा-सात महिन्यांची मुलगी. दोघांनी आपापलं सांगितलं. मुलीचं विचारल्यावर दोघं एकमेकांकडे बघायला लागले, म्हणजे हा प्रश्न घरात तोपर्यंत निघालाच नव्हता! मी म्हटलं उजळणी फेरीला परत येणार आहे, तोवर ठरवा. मार्चमध्ये गेले तर म्हणाले "नाही" लिहा, ती मोठी झाली की बघेल. लिहिलं.

सगळं झाल्यावर फॉर्म पर्यवेक्षकांकडे तपासायला. त्यांनी रिकाम्या कोडच्या चौकटी बघून कपाळाला हात लावला, म्हणाले मॅडम इथे १ टाकून मोकळ्या व्हा, वरती क्वेरी आली तर मला बोलावतील. लिंगायत आजोबा, नास्तिक सर, ती छोटी, सगळ्यांच्या ओळींवर त्यांनी पेन्सिलने खुणा केल्या होत्या. मी पिशवीतून सूचना पुस्तिका काढली, पान आधीच दुमडून ठेवलं होतं, आणि त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी दोनदा वाचलं, मग खोडरबर मागितलं, खुणा पुसल्या आणि सही केली. वर म्हणाले, "तुमच्याच भागात बरे असले लोक निघाले हो, बाकी कोणाच्या फॉर्मात नाहीत."