संसदेचा इतिहास आणि सरकारचा इतिहास

स्वातंत्र्योत्तर राजकारणावरची पुस्तके मराठीत पुष्कळ आहेत, परंतु त्यांतील बहुतेकांचा नायक पंतप्रधान असतो. नेहरूंचा काळ, इंदिरा गांधींचा काळ, आघाड्यांचा काळ अशी प्रकरणे पाडली जातात आणि लोकसभा त्यांत निवडणुकीच्या निकालापुरती किंवा एखाद्या गाजलेल्या अविश्वास ठरावापुरती डोकावून जाते. १८४० साली सार्वजनिक वाचनालय स्थापन झालेल्या आणि दर मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला ऐकणाऱ्या नाशिकसारख्या शहरात वाचकांची उणीव नाही; तरीही संसदेचा इतिहास वाचायचा म्हटले की आपण नकळत सरकारचा इतिहास वाचू लागतो. गेली काही वर्षे या विषयावरची पुस्तके सातत्याने वाचत असताना माझे एक मत पक्के झाले आहे. सभागृह आणि मंत्रिमंडळ जिथे एकमेकांपासून अलग होतात, ती जागा जो ग्रंथ नेमकी दाखवतो, तोच संसदेचा खरा इतिहास सांगतो.

प्रारंभ संविधान सभेपासूनच करावा लागतो. ९ डिसेंबर १९४६ रोजी भरलेल्या या सभेतील चर्चेचे १२ खंड उपलब्ध आहेत आणि ते वाचल्याचा अभिमान पुष्कळ अभ्यासक बाळगतात. परंतु नोव्हेंबर १९४७ पासून हीच सभा दोन रूपांत काम करत होती. संविधान घडवताना अध्यक्षस्थानी राजेंद्र प्रसाद असत, तर कायदे आणि अंदाजपत्रक मंजूर करताना त्या जागी गणेश वासुदेव मावळंकर असत. षण्मुखम चेट्टी यांनी मांडलेले स्वतंत्र भारताचे पहिले अंदाजपत्रक या दुसऱ्या रूपातील सभेपुढे आले आणि तिचे इतिवृत्त त्या १२ खंडांत नाही. त्यामुळे केवळ ते खंड वाचणाऱ्याला संविधानाचे शिल्पकार भेटतात. पण ज्या सभासदांनी त्याच महिन्यांत सरकारला खर्चाचा हिशेब विचारला, ते त्याच्या नजरेआड राहतात.

मावळंकरांवर मराठी वाचकाने अधिक लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष म्हणून ते ६६ विरुद्ध ६३ मतांनी निवडून आले आणि पुढे १९५२ साली पहिल्या लोकसभेचेही अध्यक्ष झाले. सरकार त्यांच्याच पक्षाचे होते. तरीही वटहुकूम काढण्याची सवय लोकशाहीला धरून नाही आणि अत्यंत निकडीच्या प्रसंगीच तो मार्ग वापरला जावा, असे त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लेखी कळवले होते. सभागृहाची बैठक तोंडावर असताना मंत्रिमंडळाने परस्पर कायदा करावा, यात सभागृहाची अवहेलना आहे, हे त्यांनी ओळखले होते. पंतप्रधानांच्या चरित्रात हा पत्रव्यवहार फार तर तळटीपेत येईल. संसदेच्या इतिहासात त्यावर एक प्रकरण लिहिले गेले पाहिजे.

याच अंगाने वाचण्याजोगे आणखी एक साधन महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या मालेतील १४ वा खंड संपूर्णपणे हिंदू कोड बिलाला, म्हणजे हिंदूंच्या विवाह-वारसाविषयक कायद्यांत सुधारणा करू पाहणाऱ्या विधेयकाला, वाहिलेला आहे. तो सलग वाचला म्हणजे विधेयक कसे अडते, हे कोणत्याही राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकापेक्षा स्पष्ट कळते. विरोध होता तो केवळ समोरच्या बाकांवरून नव्हता. सत्ताधारी पक्षातील सभासदच एकेका कलमावर वेळ काढत होते, आणि मंत्रिमंडळ विधेयकाला पाठिंबा असल्याचे सांगत असतानाच ते पुढे रेटण्याचे टाळत होते. अखेर सप्टेंबर १९५१ मध्ये विधेयक बाजूला पडले आणि कायदामंत्री असलेल्या बाबासाहेबांनी राजीनामा दिला. राजीनाम्याचे निवेदन सभागृहात वाचण्याआधी त्याची प्रत सादर करावी, असे पीठासीन उपाध्यक्षांनी सांगितले, तेव्हा बाबासाहेब सभागृह सोडून बाहेर पडले आणि ते निवेदन वृत्तपत्रांकडे गेले. मंत्र्याला स्वतःच्या सरकारविषयीचे सत्य सभागृहात सांगता आले नाही, ही घटना मला त्या दशकातील सर्वांत बोलकी वाटते.

अभ्यासकांच्या ग्रंथांत अमेरिकन इतिहासकार ग्रॅनव्हिल ऑस्टिन यांच्या दोन पुस्तकांचे स्थान वरचे आहे. १९६६ च्या पहिल्या पुस्तकात संविधान सभेतील सहमतीचे चित्र आहे, तर १९९९ च्या दुसऱ्या पुस्तकात संविधान प्रत्यक्ष राबवताना संसद, सरकार आणि न्यायालये यांच्यात झालेला संघर्ष आहे. मला दुसरे पुस्तक अधिक मोलाचे वाटते, कारण त्यात आणीबाणीचे विवेचन अचानक कोसळलेल्या संकटासारखे येत नाही. आधीच्या घटनादुरुस्त्यांपासून तिची वाट कशी तयार होत गेली, हे तिथे उलगडते. जुलै १९७५ च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास स्थगित झाला. संसदेतील कामकाजाचे वृत्त छापणाऱ्यांना संरक्षण देणारा, फिरोज गांधींच्या पुढाकाराने १९५६ मध्ये झालेला कायदाही आणीबाणीत रद्द झाला आणि १९७७ मध्ये पुन्हा आणावा लागला. सभागृह भरत होते, मतदान होत होते, तरी सरकारला जाब विचारण्याचे मार्ग एकेक करून बंद झाले होते.

कौल आणि शकधर यांचा संसदेच्या कार्यपद्धतीवरचा जाडजूड ग्रंथ सलग वाचण्याचा नाही, संदर्भासाठी जवळ ठेवण्याचा आहे. दोघेही लोकसभेचे सचिव होते. त्यामुळे नियमांचा उगम त्यांच्याइतका क्वचितच कोणाला ठाऊक असेल. पण पदाला साजेसा संयम त्यांच्या लेखनात आहे, आणि वादाच्या प्रसंगी कोण चुकले हे वाचकालाच ठरवावे लागते.

नाशिककर म्हणून एका न लिहिलेल्या पुस्तकाची उणीव मला फार जाणवते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेल्यावर १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. त्यांचे 'कृष्णाकाठ' हे आत्मचरित्र १९४६ पाशी थांबते. दिल्लीतील वर्षांसाठी त्यांनी 'यमुनाकाठ' हा भाग योजला होता, परंतु १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या माणसाने चार मोठी खाती सांभाळली, १९७७ नंतर लोकसभेत विरोधी पक्षनेत्याची जागा घेतली आणि जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई सरकारविरुद्ध अविश्वास ठराव मांडला, त्याने सभागृहाच्या दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. ते पुस्तक झाले असते तर संसदेचा आतून लिहिलेला इतिहास मराठीत असता. आता त्यांची बाजू समजून घ्यायची तर लोकसभेच्या इतिवृत्तांतच शोधावी लागते. १९५७ मध्ये नाशिकनेच लोकसभेत पाठवलेल्या दादासाहेब गायकवाडांना वाचायचे तरी तोच मार्ग आहे. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे नेते म्हणून त्यांना सारे ओळखतात, खासदार म्हणून मात्र फार थोडे. ही इतिवृत्ते संसदेच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, आणि ज्याला आरंभ करायचा आहे त्याने प्रथम दादासाहेबांच्याच कार्यकाळाचे, म्हणजे दुसऱ्या लोकसभेचे, खंड उघडावेत असे मी सुचवेन.