मुरबाडचं वरकस: टोकन अजून दिलेलं नाही

मागच्या वेळी लिहिल्यापासून बऱ्याच जणांनी विचारलं, घेतलं का जंगल? तर नाही, अजून नाही घेतलं, पण कुठलं घ्यायचं नाही हे आता पक्कं कळलंय आणि मुरबाड तालुक्यात वरकसाचा, म्हणजे भातखाचरांच्या वरच्या उताराच्या जमिनीचा, एक तुकडा असा सापडलाय की त्याच्यावर मन बसलंय. नवीन मंडळींसाठी थोडक्यात: आम्ही ठाण्यात राहतो, येऊरला झाडं-पक्षी बघत भटकणारी माणसं, आणि जिल्ह्यात किंवा आसपास दोनेक एकर झाडी असलेली जागा घ्यायची, बंगला नाही, स्विमिंग पूल नाही, झाडं वाढू द्यायची, एवढाच प्लॅन.

पनवेल-कर्जत बाजू आधीच सोडली. नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीचं नियोजन क्षेत्र, आल्यापासून तिकडे माळरानाचेही भाव प्लॉटिंगच्या हिशोबाने सांगतात, आणि वर डोंगराकडे गेलं की 2003 पासून माथेरानचा इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. तो मला खरं तर आवडतोच, पण एजंट तिथेही गेट, क्लबहाऊस आणि अकरा गुंठ्यांचे तुकडे दाखवतात, सातबारा सगळ्यांचा मिळून एकच. असल्या सामायिक सातबाऱ्यात शेजाऱ्याने उद्या जेसीबी घातला तर आपण कुठल्या हद्दीवर उभं राहून भांडणार?

मग शहापूर. तानसाच्या बाजूला जी जागा बघितली ती बघून मी गप्पच झाले होते, मोह, ऐन, कुंभा, मधे एक म्हातारा बेहडा, आणि जमिनीवर पानांचा इतका जाड थर की पाय रुतावा. पण शहापूर तालुका अख्खा अनुसूचित क्षेत्रात येतो आणि तिथल्या बऱ्याच जमिनी आदिवासी खातेदारांच्या आहेत. महसूल कायद्याच्या 36 आणि 36अ प्रमाणे अशी जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर कलेक्टरची परवानगी, आणि तीही सरकारच्या पूर्वमंजुरीने. एजंट म्हणाला, मॅडम, कुलमुखत्यारपत्र करून टाकू, सगळे करतात. मला हे नकोच होतं. कायदा ज्यांची जमीन वाचवायला केलाय त्यांच्याचकडून मागच्या दाराने जमीन काढून घ्यायची आणि वर म्हणायचं आम्ही निसर्ग वाचवतोय, हे माझ्या पचनी पडत नाही. समृद्धीचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, जून 2025 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून तिकडे भावाचं बोलायलाच नको.

आता मुद्द्याचं, आणि हे जरा सविस्तर लिहिते कारण गेल्या वेळी कुणीतरी म्हणालं होतं की सातबाऱ्यावर वनाचा शेरा असला तर काय बिघडतं, आपल्याला कुठे बांधकाम करायचंय, उलट जंगल राहील याची सरकारी गॅरंटीच. मलाही ऐकायला बरं वाटलं होतं ते. पण महाराष्ट्रात खाजगी वने संपादन कायदा 1975 सालचा आहे, आणि 30 ऑगस्ट 1975 या दिवशी जी जमीन त्या कायद्याच्या व्याख्येत 'खाजगी वन' होती ती त्याच दिवशी सरकारजमा झाली. म्हणजे शेरा खरा असेल तर समोरच्या माणसाकडे विकायला काही नाहीच! तुम्ही पैसे देऊन सरकारचं जंगल विकत घेताय, फक्त सरकारला सांगितलेलं नाही. वन सरकारजमा झाल्याने ज्यांच्याकडे सगळी मिळून 12 हेक्टरपेक्षा कमी जमीन उरली त्यांना त्याच कायद्याच्या कलम 22अ खाली एकूण 12 हेक्टरच्या मर्यादेत जमीन परत मिळायची सोय पुढे झाली, पण ती परत दिल्याचा आदेश कागदावर दिसायला हवा, 'आमच्या आजोबांना परत मिळाली होती' हे चालत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. मुलुंड-ठाणे पट्ट्यात उभ्या राहिलेल्या बिल्डिंगच्या सातबाऱ्यावर असे शेरे पडले आणि हजारो फ्लॅटवाल्यांची झोप उडाली, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. जानेवारी 2014 मध्ये गोदरेजच्या विक्रोळीच्या जमिनीच्या निकालात कोर्टाने सांगितलं की 1927 च्या वन कायद्याच्या कलम 35(3) ची नोटीस नुसती काढली म्हणून जमीन खाजगी वन ठरत नाही, ती मालकाला बजावलेली हवी आणि तिच्यावरची प्रक्रिया तेव्हा चालू असायला हवी. त्यामुळे शेरा दिसला की पळायचं असंही नाही आणि शेरा नाही म्हणून नाचायचं असंही नाही. शिवाय 12 डिसेंबर 1996 चा गोदावर्मन खटल्यातला आदेश आहे, मालकी कुणाचीही असो, सरकारदप्तरी वन म्हणून नोंद असेल किंवा शब्दकोशातल्या अर्थाने जंगल असेल तर वनेतर वापराला केंद्राची परवानगी. त्याचं आपल्याला ओझं कमी, आपण वापर बदलतच नाही, पण पुढेमागे साधी अवजारांची खोली बांधायची म्हटली तरी डोक्यात ठेवायला लागतं.

हे सगळं वाचून माझ्या लक्षात काय आलं, तर जेवढं दाट जंगल तेवढं ते विकत घेणं अवघड. आपल्याला मिळण्यासारखं काय, तर सरकारी भाषेत जे निकामी आहे ते: वरकस, पोटखराबा, उताराची जमीन. वरकस ही कोकणातली जुनी सोय आहे, खाली भाताची खाचरं आणि त्यांना जोडून वर उतारावर वरकस, नाचणी-वरई करायची, गवत कापायचं, ऐनाचे टहाळ तोडून राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, आणायचे. गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. आता नाचणी फार कुणी करत नाही, तबेले कमी झाले, राब भाजणारे कमी झाले, आणि त्या उतारांवर झाडं आपली आपण वर यायला लागलीयत.

तर असं एक वरकस मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाचा डोंगर समोर दिसतो, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. 91 आर, म्हणजे सव्वादोन एकरला जरासं कमी. पावसाळ्यात पहिल्यांदा बघितलं तेव्हा हिरवंगार, पण ऑगस्टमध्ये डांबरी रस्तासुद्धा हिरवा दिसतो, त्यामुळे एप्रिलमध्ये भर उन्हात पुन्हा गेलो. उन्हात खरं कळलं. वरचा अर्धा भाग चांगला आहे, साग, ऐन, किंजळ, बोंडारा, दोन मोह, एक काटेसावर, बांधाला करवंदाच्या जाळ्या. खालचा अर्धा बघून नवरा म्हणाला हे तर झुडपांचं रान आहे, पैसे कशाचे द्यायचे? मी त्याला खुंट दाखवले. दरवर्षी तोडून तोडून घोट्याएवढे राहिलेले ऐन आणि साग, प्रत्येक खुंटाला चार-पाच फुटवे, खाली मुळं कितीतरी वर्षांची. अशा ठिकाणी रोप लावायची गरज नसते, तोडणं, चराई आणि वणवा एवढे तीन थांबवले की फुटवे स्वतःच उठतात, मग प्रत्येक खुंटावर एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे छाटायचे. नर्सरीतून आणलेल्या रोपाला पाणी घाला, आळं करा, तरी दुसऱ्या उन्हाळ्यात निम्मी जातात. म्हणून माझा सगळ्यांना आग्रह आहे की जागा बघायला गेलात की वर बघू नका, आधी खाली खुंट बघा.

वाईट बाजूही सांगते. जागेचा आकार. भावाभावांच्या वाटण्या होत होत लांब पट्टा उरलाय, साधारण 45 मीटर रुंद आणि 200 मीटर लांब. तेवढंच क्षेत्र चौरस असतं तर घेर 380 मीटरच्या आसपास आला असता, इथे 490 होतो. कुंपणाचा खर्च तर वाढतोच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पट्ट्यात कुठेही उभे राहिलात तरी जवळची हद्द तेवीस मीटरच्या आत. शेजारच्या मालकीतलं गवत पेटलं की आग थेट पोटात. आणि तिथे पेटतंच. कोवळं गवत यावं म्हणून लावतात, मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, कुणाच्या राबाची ठिणगी उडते. वरच्या बाजूच्या सागांच्या बुंध्यांवर काळे डाग आहेतच.

त्यामुळे कुंपणाऐवजी पैसे जाळरेषेवर घालायचे ठरवतेय. पावसाळा संपला की दिवाळीनंतर हद्दीच्या आतून तीन-चार मीटरचा पट्टा गवत कापून मोकळा करायचा, पाला ओढायचा, आणि हे काम खालच्या पाड्यावरच्या लोकांनाच द्यायचं. गवत त्यांनी फुकट न्यावं. मोहाची फुलंही त्यांचीच, ती मी अडवणार नाही. मालक काकांना हे सांगितलं तर ते हसले, म्हणाले, "मॅडम, गवत कापून नेला तर आग कशाला लावतील? पन गुरं आत शिरतील, तेचा काय ते बघा." चराईचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. तारेचं कुंपण पुरं केलं तर भेकरं-सशांची वाट पण अडते, आणि गावाशी पहिल्याच दिवशी वाकडं येतं.

कागदांची स्थिती अशी. भोगवटादार वर्ग 1 आहे, म्हणजे नवीन शर्तीचं, विकायला सरकारी परवानगी घ्यायचं, झंझट नाही. कुळकायद्याने मिळालेली जमीन निघाली असती तर कुळाने जमीन विकत घेतल्याचं 32म चं प्रमाणपत्र आणि त्याला 10 वर्षं झालीयत का हे बघून शेतसाऱ्याच्या 40 पट नजराणा वगैरे करावं लागलं असतं. मुरबाडमधली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, हे त्यात नाही आणि खातेदार कुणबी आहेत. इतर हक्कात वनाचा शेरा नाही, पण तेवढ्यावर थांबले नाही, 'आपले अभिलेख' या सरकारी साइटवरून जुने हाती लिहिलेले फेरफार काढलेत 1975 च्या पुढचे, आणि या गटाबद्दल उपवनसंरक्षक कार्यालयाकडे लेखी विचारलंय. उत्तर यायचंय. खरेदी माझ्या एकटीच्या नावावर होणार कारण शेतकरी मी आहे, जुन्नरला वडिलांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून माझं नाव लागलंय, नवऱ्याच्या घरी गुंठाभर जमीन नाही, आणि कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. घरात हा विषय निघाला की मी फार खूश असते.

सातबाऱ्यावर मालक काका, त्यांचा भाऊ आणि तीन बहिणी अशी पाच नावं आहेत. एजंट म्हणतो बहिणींचं हक्कसोड करून घेऊ. मला ते नकोय, पाचही जणांनी खरेदीखतावर सही करावी आणि पैसे पाच खात्यांत जावेत. एक बहीण डोंबिवलीला असते, तिला फोन केला तर तिला विक्रीचं काही माहीतच नव्हतं!

आणि झाडं. जमीन विकायची ठरली की आधी ठेकेदाराला उभा साग विकून मग मोकळी जमीन ताब्यात देणं हा प्रकार सर्रास चालतो. साग, ऐन, किंजळ, मोह ही सगळी 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, पण परवानगी मालकालाच मिळते आणि खरेदी होईपर्यंत मालक मी नसते. म्हणून इसारपावतीतच प्रत्येक मोठ्या झाडाची जात आणि छातीइतक्या उंचीवरचा घेर लिहायचा, फोटो जोडायचे, झाड कमी झालं तर किंमत कमी. खरेदीखतात 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण' असतंच, पण ते लिहिलं जाईस्तोवर तरू शिल्लक पाहिजेत ना.

नवऱ्याचं म्हणणं वेगळंच आहे, येऊर दाराशी फुकट आहे, एवढ्या पैशात जन्मभर रिक्षाने जाऊन येता येईल. त्याला उत्तर म्हणून मी एवढंच म्हणते की येऊरमध्ये मला एक फुटवासुद्धा छाटता येत नाही. हे त्याला पटलेलं नाही, पण एप्रिलमध्ये तिथून निघताना टेप घेऊन सागांचे घेर तोच मोजत होता.

मोजणीचा अर्ज काकांच्या सहीने भूमी अभिलेखला गेलाय. तारीख पावसाच्या आधी मिळाली तर बरं, नाहीतर दिवाळीनंतर. पायवाट शेजारच्या गटातून येते, ती वहिवाटीची आहे म्हणतात, पण नकाशात नाही, तर मोजणीच्या दिवशी त्या शेजाऱ्यालाही बोलवून पंचनाम्यात लिहून घ्यायची. 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात येत नाही आणि वनविभागाचं पत्र येत नाही तोवर टोकन देणार नाही असं एजंटला स्पष्ट सांगितलंय. तो म्हणाला पार्टी दुसरी उभी आहे. असू दे.

खालच्या अर्ध्यात रानमोडी हे तण भयंकर माजलंय. जमीन ओली असताना उपटायची आणि थंडीत फुलायच्या आत संपवायची एवढं माहितीये, पण मुळापासून उपटली की मोकळ्या जागी लगेच घाणेरी शिरते असं दोघांनी सांगितलं. कुणी आपल्या जागेवर टप्प्याटप्प्याने काढली असेल तर किती रुंदीचा पट्टा एका वर्षी घेतलात ते लिहा.