हरिणभांगाच्या काठावर एक मीटर खोल

गेल्या हिवाळ्यात सुंदरबनात होते, कांदळवनाच्या चिखलात किती कार्बन साठलाय ते मोजायला. मी दापोलीकडची, तिवरांच्या चिखलात लहानपणापासून पाय बुडवलेले, पण हरिणभांगा नदीच्या काठावर उतरले तेव्हा समोरचं जंगल बांगलादेशातलं आहे हे डोळ्यांना पटेचना, तीच गेंवा, तीच गराणची झाडं. एकूण सुंदरबन साधारण 10 हजार चौरस किलोमीटर, त्यातलं 60 टक्के पलीकडे.

आदल्या रात्री बांगलादेशातल्या खुलन्याच्या सहकाऱ्याशी व्हिडिओ कॉल झाला होता. ते एक मीटरपर्यंत माती काढतात आणि आम्ही 30 सेंटिमीटरवरच थांबत होतो! मग दोन्हीकडचे आकडे एकत्र करायचे कसे? 2011 मध्ये दोन्ही देशांनी सुंदरबन जपायचा करार केलाय, तो हवाच, पण आधी दोघांनी सारखं खोल तरी जायला हवं ना.

सकाळी ओहोटीला उतरलो, वाघाचा भाग म्हणून पुढे बंदूकवाला फॉरेस्ट गार्ड. माती काढायचा ऑगर 70 सेंटिमीटरला जो अडकला तो हलेना, तिघांनी मिळून पिळत पिळत खाली नेला नि वर काढला. वरचा थर करडा, खाली काळाकुट्ट, त्यात लालसर मुळांचे तंतू अजून शाबूत, आणि सडक्या अंड्यासारखा वास. एवढ्या खाली ऑक्सिजन पोचत नाही म्हणून मुळं नीट कुजत नाहीत, कार्बन गाडलेला राहतो, पण काठ ढासळला की सगळं नदीत. आमच्या आजवरच्या हिशोबात हे आलंच नव्हतं, फार वाईट वाटलं.

शीटवर वेळ लिहायला मोबाईल बघितला तर अर्धा तास पुढे! मला वाटलं भरती लागली, घाईघाईने डबे बंद करायला घेतले. होडीवाले काका म्हणाले, दीदी, मोबाईलने बांगलादेशचा टॉवर पकडलाय, तुम्ही पाणी बघा. पाणी अजून उतरतच होतं.

तेवढ्यात त्यांनी चिखलातून सुंदरीच्या झाडाचं एक फळ उचलून दिलं, तपकिरी, पाठीवर होडीच्या कण्यासारखी कडा. आमच्या बाजूला पाणी जास्त खारट, सुंदरी तुरळकच. भरतीबरोबर पलीकडून आलं असणार म्हणाले.

उरलेले चारही कोअर, म्हणजे मातीचे उभे नमुने, पूर्ण मीटरभर काढले. रात्री शीट खुलन्याला पाठवली, प्रत्येक वेळेपुढे 'भारतीय वेळ' असं लिहून, आणि आधीच्या 11 जागांवर पुन्हा जायचं ठरवलं.