खांद्यातली गाठ आणि कोरडी सुई

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारी घराघरांत एकच चित्र दिसतं. मांडीवर सूप, मान खाली, हातात पान. विडीची मजुरी हजारावर मोजतात, त्यामुळे मान वर काढायला सवड नसते. काही वर्षांनी मानेच्या बुडाशी वाटाण्याएवढी गाठ लागते. दाबली की कळ कानामागून थेट कानशिलात. मग डोकेदुखीच्या गोळ्या होतात, चष्म्याचा नंबर तपासून होतो, खांदा मात्र कुणी चाचपत नाही. फऱ्यावरच्या गाठीचं तर त्याहून फसवं. गाठ मागे आणि दुखतं खांद्याच्या पुढच्या बाजूला.

या गाठीला ट्रिगर पॉइंट म्हणतात आणि ड्राय नीडलिंग, म्हणजे कोरड्या सुईच्या उपचारात, सुई नेमकी तिच्यात जाते. सुई भरीव, औषध काही नाही. जाडी साधारण ०.२५ ते ०.३० मिमी, इंजेक्शनची २४ नंबरची पोकळ सुई याच्या जवळजवळ दुप्पट जाड. औषधाशिवाय गुण कसा, असं विचारणाऱ्यांसाठी: गाठीत इंजेक्शन दिल्यावर येणाऱ्या आरामात खुद्द सुईचा वाटा मोठा असतो, हे कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी १९७९ सालीच मांडलं होतं.

खांद्यासाठी पेशंटला पालथं किंवा कुशीवर झोपवतात. बसवून टोचलं तर चक्कर येऊन पडायची भीती. उपाशी तर येऊच नये. उपवास असला तरी काहीतरी पोटात हवं, मे महिन्यात पाणीसुद्धा. स्नायू चिमटीत धरून छातीपासून वर उचलायचा आणि ३० ते ४० मिमीची सुई चिमटीतल्या बोटाच्या रोखाने घालायची. फुप्फुसाच्या रोखाने कधीच नाही. गाठ लागली की स्नायू पापणी फडफडावी तसा टचकन उडतो. सुई पूर्ण न काढता थोडी मागे घेऊन परत पुढे, उडणं मंदावेपर्यंत. मग सुई काढून बोळा दाबून धरायचा. पहिल्या दिवशी एक-दोन स्नायू पुरे.

कधी स्नायू आखडून सुईच धरून ठेवतो. तेव्हा ओढाताण करू नये. दोन-तीन मिनिटं थांबून आजूबाजूला हलकं चोळलं की सुटते. वाकलेली सुई परत वापरायची नाही, एका पेशंटची दुसऱ्याला तर नाहीच. ती सरळ, सुई आरपार जाणार नाही अशा जाड डब्यात टाकायची.

नंतर दिवस-दोन दिवस ठणकतं, ते चालायचंच. शेक घ्यावा, मान हळूहळू फिरवावी. पण श्वास घेताना छातीत कळ आली, धाप लागली, तर फुप्फुसाला छिद्र पडल्याची शंका घ्यायची आणि तडक इमर्जन्सी गाठायची, सकाळची वाट न बघता. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर सुईआधीच सांगावं.

आराम बहुतेकदा काही आठवड्यांपुरता. कायमचा गुण येतो, याला भक्कम पुरावा नाही. तीन बैठकांत काहीच फरक नसेल, किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर दुखणं गाठीचं नसून मानेतल्या नसेचं असू शकतं. चौथी सुई टोचून पैसे घालवू नयेत, मान तपासावी.

आणि गुण आला तरी सूप मांडीवर तसंच राहिलं तर गाठ परत येणारच. सुपाखाली उशी किंवा पाट घालून ते चार बोटं वर घ्यायचं, पाठ भिंतीला टेकवायची, आणि शंभर विड्या झाल्या की उठून दोन्ही खांदे मागे फिरवायचे.